रिपोर्टातली बुरशी

परवा ओल धरलेल्या भिंतीचा वास आला आणि काळेवाडीतला तो दवाखाना आठवला. माझ्या लेकीला सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसांत चिकट कफ साचवणारा जन्मजात आजार. तेव्हा जंतूंवरची इंजेक्शनं चालू असूनही ती खोकून बेजार झाली होती. कफाच्या रिपोर्टात जंतूंसोबत बुरशीही निघाली होती. मी विचारलं, तर डॉक्टर हसले. “बाई, बुरशी काय, चपातीवरही येते!” महिन्याभराने दुसऱ्या डॉक्टरीणबाई तोच रिपोर्ट बघून चिडल्या. “जंतू दबले आणि बुरशीला रान मोकळं मिळालं. औषध दोन्हींवर हवं होतं, ताई.” औषध बदलल्यावर खोकला उतरला, पण फुप्फुसांची गेलेली ताकद परतली नाही. आज ती घराचा जिना चढताना मध्येच थांबते आणि माझ्याकडे बघून हसते. मीही हसते. त्या डॉक्टरला मात्र मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.