लांब बाह्यांचे ब्लाउज

मळवलीच्या नंदाबाईचा हात लोखंडाचा आहे, असं लोणावळ्याच्या त्या चिक्कीच्या कारखान्यात सगळेच म्हणायचे, आणि ते ऐकून ती फुलायची. कढईतला उकळता पाक शेंगदाण्यांसकट तेल लावलेल्या ओट्यावर ओतला, की बाकीच्या बाया जरा निवायची वाट बघत उभ्या राहायच्या. नंदाबाई थेट तळव्याने दाबायला लागायची. शेठ गिऱ्हाइकांना मुद्दाम आत आणून दाखवायचा. फिरायला आलेल्या पोरी मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायच्या. "मावशी, चटका नाही बसत?" असं कुणी विचारलं, की ही मान उडवून म्हणायची, "सवय लागती बाई." खोटं बोलत नव्हती. तिलाही तसंच वाटत होतं; तळव्याला फोड यायचे, पण दुखायचे नाहीत.

कौतुकाला ती जन्मभर उपाशीच होती. कार्ल्याच्या माहेरी पाच बहिणींत चौथी. मळवलीत दिली तर नवरा मारुती, बंगल्यांची राखण करणारा मुखदुर्बळ माणूस; वर्षातून एकदा 'आमटी बरी झालीया' म्हणाला तर म्हणाला. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर कुणी हाताचं नाव काढलं, तर तिने तो हात डोक्यावरच घेतला म्हणा ना. घरीसुद्धा चुलीवरचं पातेलं फडकं न घेता उतरवायची आणि मारुती बघतोय ना, हे बघायची.

भागुबाई ही तिची जिवाची मैत्रीण. सकाळच्या लोकलला ती कान्ह्याला चढायची आणि शेजारी पिशवी ठेवून मळवलीपर्यंत नंदाची जागा धरायची. अकरा वर्षं हे चाललं होतं. कारखान्यात दोघी एकाच ओट्यावर, दुपारी डबा एकमेकींचा. नंदाच्या पोरीचं लग्न ठरलं ते मारुतीच्या आधी भागाला कळलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ओट्याला तेल लावताना नंदाची बाही वर सरकली आणि कोपराखाली रुपयाएवढा फिकट डाग दिसला. भागाने तिचा हात धरून डाग नीट पाहिला, बोटाने चोळला. मग म्हणाली, "उनाचं आसंल. लांब बाह्या घालत जा." नुसतं म्हणून थांबली नाही, पुढच्याच आठवड्यात तिने लांब बाह्यांचे दोन ब्लाउज स्वतः शिवून आणून दिले. नंदाबाईने ते आळीभर दाखवले. सख्खी बहीण एवढं करत नाही, म्हणाली.

यंदा घरोघरच्या तपासणीत गावची आशाताई, यशोधरा, अंगणात येऊन बसली. डाग बघून तिने नंदाबाईला डोळे मिटायला लावले. "पेनाचं टोक लावते मावशी, लागेल तिथं बोट ठेवा." नंदाबाई डोळे मिटून बसली ती बसलीच. शेवटी वैतागून म्हणाली, "लाव की ग, किती येळ." यशोधराने तोवर पाच वेळा लावलं होतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कोपरापाशी नस चाचपली, ती सुतळीसारखी जाड लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ करायला सांगितलं. होईनात. कामाने आखडली असतील, असं नंदाबाई समजत होती. हा कुष्ठरोग आहे, बाई म्हणाल्या.

"पूर्ण बरा होतो. गोळ्या फुकट मिळतात. सुरू झाल्या की तुमच्यापासून कुणाला लागण व्हायची भीती नाही, आणि एका ताटात जेवून तर हा रोग होतच नाही. बोटांचं मात्र सांगता येत नाही. डाग दिसला तेव्हाच यायला हवं होतंत." गरम वस्तूला फडक्याशिवाय हात लावायचा नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

म्हणजे लोखंडाचं काही नव्हतंच. ज्या हाताचा एवढा तोरा मिरवला त्याला काही कळतच नव्हतं, आणि लोक त्याचे व्हिडिओ काढत होते. स्वतःच्या अंगाने असं फसवावं याचा तिला भयंकर संताप आला. रोगाचं नाव तिने फक्त मारुतीला सांगितलं. भागाला फोनवर एवढंच, की हाताला मुंग्या येत्यात, सरकारी गोळ्या चालू केल्यात.

रविवारी भागा भेटायला आली. नंदाबाईने चहा पुढे ठेवला.

"गोळ्यांनी लगवी लाल हुती," भागा मायेने म्हणाली, "भिऊ नगंस. औषिदच तसं आसतं. अंग बी जरा काळवंडतं, मागनं जातं."

पहिल्या दिवशी तो लाल रंग बघून नंदाबाई खरंच घाबरली होती.

"कसल्या गोळ्या हायेत ते तुला कुणी सांगितलं?"

भागाने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "माज्या आईला हुता ह्यो रोग."

"मंजी डाग बघितलास तवाच तुला कळलं."

"व्हय. आईला गोठ्यात ठिवली हुती, नंदे. ताट लांबनं सरकवायचे. तुजं नाव निगालं आसतं तर शेठनं एक दिस ठिवली नसती तुला. म्हणून झाकलं."

"आई बरी झाली का?"

"झाली. गोळ्यांनी झाली."

भागाचं भय खोटं नव्हतं, आणि नंदाबाईला क्षणभर तिची कीवही आली. पण मग डबा आठवला. पित्ताचं निमित्त सांगून भागाने तिच्या डब्यातलं खायचं सोडलं होतं. नंदाबाई खुळी, तिच्यासाठी तिखट कमी घालून न्यायची, तरी ती शिवायची नाही.

"माज्या डब्यातलं कवा सोडलंस?"

भागा पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"सांग की."

"ब्लाउज दिलं, त्याच आटवड्यात."

"मंजी सोताला जपायचं बराबर कळलं तुला. मला एक शबुद सांगितला न्हाईस. हात झाकलास माजा, बोटं गेली." नंदाबाईने वाकडी बोटं तिच्यापुढे धरली. आवाज चढला नव्हता.

भागाने डोळे पुसले आणि इतका वेळ तसाच पडलेला चहा घाईने ओढला. "हे बग, हितंच पिते. तुज्या देखत पिते."

"ऱ्हाऊ दे," नंदाबाई म्हणाली. हाताला पदर गुंडाळून तिने कप उचलला आणि मोरीत नेऊन रिता केला. परत आली ती भागाची पिशवी घेऊनच. रोज लोकलमध्ये जागा धरायची, तीच पिशवी. तिने ती भागाच्या मांडीवर ठेवली.

"उद्यापासनं जागा धरू नगंस," म्हणाली.