चिखलदऱ्याचा घाट आणि हवेच्या दोन गाद्या

एकसष्टच्या हिवाळ्यात आमची इंजिनिअर तुकडी चिखलदऱ्याला पोस्ट झाली. काम साधे होते. कड्यावरचा दगड सुरुंगाने फोडायचा, वाट रुंद करायची आणि जवानांना त्यात तरबेज करायचे. माणसे चाळीस, एक कॅप्टन साहेब, एक जीप, एक कॉम्प्रेसर आणि एक पंधरा हंड्रेडवेट, म्हणजे पाऊण टनी, ट्रक. मी त्या ट्रकचा मेकॅनिक आणि ड्रायव्हर होतो. रँक लान्स नाईक.

माझे गाव तेल्हाऱ्याजवळ. वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पुढच्या वर्षी मी भरती झालो. घरातला पहिला मॅट्रिक मीच. बी.ए. पुढे, पलटण सोडल्यावर, अकोल्यात राहून झालो. ज्या शिक्षकांनी मला मोठ्या वयात वर्गात बसू दिले, त्यांच्यामुळे आज ही चार पाने नीट लिहिता येतात.

ट्रकची मूळ बॉडी आम्हीच कापली होती. मागे सहा फुटांचा उघडा हौदा, दोन्ही बाजूंना लोखंडी पत्रा, पुढे दोघांपुरती केबिन. तुकडीत त्याला सगळे पिकअप म्हणत. हौद्यात ड्रिलच्या लोखंडी कांबी आणि कॉम्प्रेसरने भरलेली हवेची एक लोखंडी बाटली असे. एवढ्या वजनाने घाटात मागच्या स्प्रिंगचे पाटे तुटत. दोन महिन्यांत चार पाटे तुटले.

माझ्यासमोर तीन उपाय होते. एक, पाटे वाढवणे. त्याने वजन पेलले असते, पण रिकामी गाडी दगडासारखी उडाली असती. दुसरा, दुसऱ्या गाडीची गोल स्प्रिंग बसवणे. ती मिळेना. तिसरा उपाय कॅप्टन साहेबांच्या एका मासिकातल्या चित्रात होता. परदेशात काही बसगाड्या मागच्या आसावर रबरी हवेच्या गाद्या बसवून चालत होत्या. वजन वाढले की हवा वाढवायची, कमी झाले की कमी करायची.

सुटीवरून परतताना अकोल्याच्या भंगार बाजारात मला दोन छोटे, जाड टायर दिसले. आत ट्यूब शाबूत होत्या.

“मियाँ, हे कशाचे?” मी विचारले.

“जहाज के पिछले पहिये हैं. लढाईतल्या विमानाचे.” दुकानदार म्हणाला. “उडनार नाहीत आता. घिऊन जा.”

मला उडवायचे नव्हतेच. टायर आडवा ठेवला, खाली-वर लोखंडी ताट लावले, की तीच हवेची गादी. एक डाव्या बाजूला आसावर, एक उजव्या बाजूला. वरचे ताट चासीला, खालचे आसाला. पाटे सगळे काढता येत नाहीत, कारण आस जागेवर धरून ठेवण्याचे काम तेच करतात. म्हणून प्रत्येक बाजूचे मुख्य दोन ठेवायचे, बाकीचे उतरवायचे.

माझा मदतनीस सॅपर नामदेव गावंडे, राहणार वरूड. घरी संत्र्याची बाग. वयाने माझ्याएवढाच, अंगाने दीडपट. त्याला मी कागदावर आकृती काढून दाखवली.

“दोन गाद्यांले एकच नळी काहून नायी लावत, भाऊ? तांबं वाचते.”

“वळणावर काय होईल सांग.”

त्याने कागद फिरवून पाहिला. “गाडी कलली का हिकडची हवा तिकडं पळन. आनखी कलन.”

“म्हणून नळ्या दोन, आणि तोट्या चार. प्रत्येक गादीला एक भरायची, एक रिकामी करायची.”

“अन् मांगं बसून चार तोट्या कोन पाहीन?”

“तू.”

“मले वाटलंच होतं.” गावंडे म्हणाला. “तुमच्या डोक्यातून काई निघालं का माह्या बुडाखाली येते.”

ताटे, ती धरायचे लोखंडी कंस, तोट्या, सगळे तयार होते. पण सरकारी गाडीत असा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि मंजुरीचे पत्र आले नव्हते. सामान पोत्यात पडून होते.

त्या दिवशी सकाळी नऊ चाळीसला कड्यावरून दगड सुटला. नाईक धरमसिंग खाली उभा होता. गढवालचा माणूस, कमी बोलणारा, ड्रिलवर त्याच्यासारखा हात कोणाचा नव्हता. दगड थेट लागला नाही. तो चुकवताना धरमसिंग दहा फूट खाली पाठीवर पडला.

चिखलदऱ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर दहा वाजून वीस मिनिटांनी आले. त्यांनी धरमसिंगला जागेवरून हलवू दिले नाही. एका दाराची फळी काढून त्याच्या अंगाखाली सरकवली आणि डोक्यापासून घोट्यापर्यंत पट्ट्यांनी बांधले. मग बूट काढून म्हणाले, “अंगठा हिलाओ.”

दोन्ही अंगठे हलले.

डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन बोलले. “मणका मोडलाय. आतली नस अजून शाबूत आहे. अंगठा हलतोय तोवर पाय त्याचे आहेत. आत सूज चढतेय, संध्याकाळपर्यंत अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात पोचला पाहिजे. पण एक जोरदार हादरा बसला, तर पोचून उपयोग नाही.”

अमरावतीपर्यंत पन्नास मैलांच्या वर, त्यातले पहिले वीस घाटाचे. खांद्यावरून न्यावे तर घाट उतरायलाच रात्र झाली असती. जीपमध्ये फळी मावत नव्हती. पिकअपमध्ये मावत होती, पण रिकाम्या पिकअपचे हादरे आम्हाला माहीत होते.

कॅप्टन साहेबांनी माझ्याकडे पाहिले. “तायडे, वो हवावाला काम. कितना टाइम?”

“तीन घंटे, साब.”

“दो. मंजुरी मैं देख लूँगा.”

दहा पंचेचाळीसला गाडी दगडांवर चढवली. चाके काढली, यू-बोल्ट सोडवले. गंजलेला एक फिरेना, तो गावंडेने छिन्नीने तोडला. पाटे उतरवून दोन-दोन ठेवले. खालची ताटे आसावर कसली, वरची चासीच्या कंसावर. डाव्या ताटाची एक कड कापताना धारदार राहिली होती. ती कानशीने घासायची होती. मी घड्याळ पाहिले आणि घासली नाही. ही माझी पहिली चूक.

बारा पन्नासला बाटलीतून हवा भरली. कांबींसाठी चाळीस पौंड दाबाचा हिशेब केला होता. एका माणसासाठी ते फार झाले असते. बारा पौंडांवर आणले. कॅप्टन साहेबांनी स्वतः हौद्यात उभे राहून दोनदा उडी मारून पाहिली. गाडी सावकाश खाली गेली आणि सावकाश वर आली.

एक वाजून पाच मिनिटांनी निघालो. पुढे जीपमध्ये कॅप्टन साहेब, लाल झेंडी दाखवत समोरच्या बैलबंड्या बाजूला घ्यायला लावत होते. मागे पिकअप, पहिल्या गिअरमध्ये. केबिनचा मागचा कॅनव्हास काढला होता, म्हणजे हौद्यातले बोलणे मला ऐकू येई. फळी दोरांनी आडवी टांगल्यासारखी बांधली होती. डाव्या पत्र्याला टेकून गावंडे बसला होता, हातापाशी चार तोट्या.

दर फर्लांगाला तो विचारी, “सिंगभाऊ, अंगठा?”

“हिल रहा है.”

“दुसरा?”

“वो भी.”

मग मला ओरडून सांगे, “हाव भाऊ, चाला.”

पहिले सात-आठ मैल असे गेले. मध्येच गावंडे त्याला म्हणाला, “तुमच्या गढवालले असा रस्ता हाय काय?”

“हमारे यहाँ रास्ता ही नहीं है.” धरमसिंग म्हणाला. “पैदल चलते हैं.”

दोन वाजून दहा मिनिटांनी एका उताराच्या वळणावर आलो. डावीकडे दरी. कठडा नव्हता, फक्त पांढरे दगड. मला स्टिअरिंगमध्ये जाणवले की गाडीची मागची डावी बाजू बसते आहे. आधी वाटले रस्त्याचा कल असेल. मग हवेचा आवाज ऐकू आला. ताटाच्या त्या कडेने टायर घासून ट्यूब कापली होती.

अशा वेळी काय करायचे, हे मी मनात ठरवून ठेवले होते. एक गादी गेली तर दुसरीचीही हवा काढायची. दोन्ही बाजू सारख्या खाली येतील, गाडी सरळ राहील, उरलेल्या दोन-दोन पाट्यांवर सावकाश जाता येईल. मनात ठरवले होते, कोणाला सांगितले नव्हते. ही दुसरी चूक, आणि मोठी.

मी ओरडलो, “गावंडे, उजवी सोड!”

गाडी सरळ व्हायला हवी होती. ती आणखी डावीकडे कलली, दरीकडे. उजवी बाजू वर उठत होती. मागे दोराचा ताण आल्याचा आवाज आला, फळी पत्र्यावर आदळल्याचा आला नाही. धरमसिंग एकदाच ओरडला.

“सोड म्हटलं ना बे!”

“सोडून राहिलो ना!”

मी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, चाकाखाली दगड घातला आणि मागे धावलो. उजव्या गादीची भरायची तोटी पूर्ण उघडी होती. बाटलीतली सगळी हवा तिच्यात जात होती.

वरूडच्या बागेत झाडाच्या आळ्यापाशी उभा असलेला माणूस विहिरीकडे बघून ओरडतो, “सोड!” म्हणजे पाणी येऊ दे. गावंडेने जन्मभर तो शब्द तसाच ऐकला होता. मी मेकॅनिक. माझ्या तोंडी हवा सोड म्हणजे हवा बाहेर काढ. चाचणीच्या वेळी तोट्या मीच फिरवत होतो, त्यामुळे हे कधी उघडकीला आले नाही. फौजेत आम्ही दिवसभर हिंदीत आणि इंग्रजीत हुकूम घेत होतो. जिवावर बेतल्यावर दोघेही आपापल्या गावच्या बोलीत गेलो, आणि दोन्ही गावांचा शब्द एकच निघाला.

पण त्या क्षणी हा विचार नव्हता. फळी डावीकडे घसरली होती आणि तिच्या व पत्र्याच्या मध्ये गावंडे अडकला होता. त्याने आपली पाठ पत्र्याला लावून डाव्या कोपराने फळीची कड तोलून धरली होती. उजवा हात अजून तोटीवर होता. चेहऱ्यावर घाम.

“बंद कर.” मी म्हणालो. त्याने बंद केली. मी बाहेर काढायची तोटी हळूहळू फिरवली. हवा फुसफुसत बाहेर आली. गाडी इंच इंच सरळ होत खाली बसली. फळीही सरळ झाली. गावंडेने कोपर काढले नाही.

जीप उलटी येत होती. कॅप्टन साहेब उतरून हौद्यापाशी आले.

मी धरमसिंगच्या पायाशी गेलो. “धरमसिंग. अंगठा.”

काही नाही.

“धरमसिंग, अंगठा हिलाओ.”

त्याचे डोळे मिटलेले होते. उजवा अंगठा तसाच. डावा तसाच. रस्त्यावरून एक बंडी आली, तिचा धुरकरी आम्हाला पाहून बैल थांबवून उभा राहिला. 

गावंडे धरमसिंगच्या कानाशी वाकला. “सिंगभाऊ, आईची आन हाय तुमाले. जरासा हालवा, बाप्पा. मंग झोपा.”

दोन वाजून एकोणीस मिनिटांनी उजवा अंगठा हलला. थोड्या वेळाने डावा.

“दर्द है,” धरमसिंग म्हणाला. “पर है.”

तिथून घाटाच्या पायथ्याच्या परतवाड्यापर्यंत गाद्यांच्या रिकाम्या रबरावर आणि दोन-दोन पाट्यांवर आलो, माणूस धावतो त्या वेगाने. परतवाड्याला पंक्चरवाल्याकडून ट्यूबला ठिगळ लावून घेतले. ताटाची कड मी कानशीने घासली, बोट फिरवून पाहिले, पुन्हा घासली. हातपंपाने बारा पौंड हवा भरली. निघण्यापूर्वी कॅप्टन साहेबांनी तोट्यांवर खडूने लिहिले: इन, आउट. “आज के बाद यही बोलोगे,” ते म्हणाले. “और कुछ नहीं.”

सहा पस्तीसला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी दारातच अंगठे पाहिले आणि धरमसिंगला आत नेले. तेव्हा गावंडे मला म्हणाला, “भाऊ, माहा हात पाहा बरं. मुडपून नायी राहिला.” कोपराचे हाड चिरले होते. चार तास त्याने ते सांगितले नव्हते.

“काहून नाही बोललास?”

“तुमी गाडी थांबवली असती.”

मी सगळे लिहून दिले, कडेची गोष्ट आणि शब्दाची गोष्ट. मला ताकीद मिळाली, ती योग्य होती. गावंडेचे कोपर पुरते सरळ झाले नाही. त्याची मेडिकल कॅटेगरी उतरली आणि पुढच्या वर्षी तो घरी गेला. या गोष्टीचा राग त्याने माझ्यावर कधी काढला नाही. काढला असता तर मला सोपे गेले असते.

धरमसिंग पाच महिने प्लास्टरमध्ये होता. उठला, काठीने चालला, मग काठीशिवाय. त्याला हलके काम दिले होते. त्याने अर्जावर अर्ज करून आपली जुनी तुकडी परत मिळवली.

पासष्टच्या लढाईत तो रस्त्यावरचे सुरुंग काढणाऱ्या टोळीबरोबर पुढे गेला. गाड्यांच्या आधी पायी जाणारी टोळी असते ती. तो परतला नाही. मला ही बातमी कॅप्टन साहेबांनी कळवली. तोवर ते मेजर झाले होते.

मी त्याच्या घरी पत्र लिहिले. उत्तर दोन महिन्यांनी आले, गावच्या मास्तरांनी हिंदीत लिहिलेले, मजकूर त्याच्या बायकोचा. सुटीत मी ते घेऊन वरूडला गेलो. गावंडे बागेत झाडांना टेकू लावत होता, उजव्या हाताने. आम्ही बांधावर बसलो. मी म्हणालो, आपण त्याला इतके जपून खाली आणले नसते, तर तो आज खाटेवर का होईना, जिवंत असता.

“वाचा तं आधी,” गावंडे म्हणाला.

मी वाचले. तिने लिहिले होते, की शेवटच्या सुटीत तो मोटार थांबते तिथून घरापर्यंत चालत आला. चढाची सात मैल वाट. डॉक्टरांनी ओझे उचलायला मना केले होते, तरी पाठीवर तिच्यासाठी शिवणयंत्र बांधून आणले होते. अंगणात ते उतरवून तो हसत उभा राहिला. ती त्याला रागावली. आता त्याच यंत्रावर ती गावाचे कपडे शिवते आणि दोन मुलींना शाळेत घालते.

 गावंडे म्हणाला, “ते सात मैलाचं पुन्यांदा वाचा, भाऊ.”

मी पुन्हा वाचले.