ओळीतलं पुढचं घर

सांगलीला कॉलेजात गेल्यावर दुसऱ्या वर्षी माझी प्रार्थना बंद पडली. ‘बंद पडली’ असंच म्हणतो, कारण मी ती ठरवून सोडली नव्हती. गावी असताना मोटेच्या पाण्यात अंग धुतलं, की ओल्या अंगानंच उगवतीकडे तोंड करून मी दोन शब्द बोलत असे. वसतिगृहातही काही महिने तो परिपाठ चालला. मग एका सकाळी हात जोडलेले असताना वाटलं, समोर कोणी नाही. आपण आपल्याशीच पुटपुटतो आहोत. त्यानंतर हात जोडले जात, पण आत काही हलत नसे.

हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. थोरला भाऊ पलटणीत, लढाईवर गेलेला. त्याचं पत्र आलं नाही की आई देव्हाऱ्यापुढे बसून राहायची. सुट्टीत गेलो की मला म्हणायची, “तू शिकल्याला हायस. तुजं बोलनं देव नीट ऐकंल. भावाचं तेवढं सांग बाबा त्याला.” मी मान हलवायचो, आणि सांगता येत नसे. आईला फसवतो आहोत, ही टोचणी दिवाळीपर्यंत इतकी वाढली, की साताऱ्याचे एक निवृत्त मास्तर तरुणांसाठी आठ दिवसांचं साधना शिबिर भरवत आहेत असं कळल्यावर मी घरी न विचारताच नाव देऊन टाकलं.

शिबिर कृष्णाकाठच्या एका गावी, नदीकडेच्या जुन्या मठात होतं. आम्ही वीसेक जण होतो. काही सांगलीचे, काही साताऱ्याकडचे, एक-दोन तासगावचे. मास्तरांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांचा पहिला नियम असा, की इथं नाव-आडनाव सांगायचं नाही. “आडनावामागून जात येते आणि जातीमागून पंगत वेगळी होते. आठ दिवस एकमेकांना ‘देवा’ म्हणा.” पहिल्या दिवशी हसून हसून पुरेवाट झाली. “देवा, तुझं कोपर माझ्या ताटात आलंय.” “देवा, किती घोरतोस रे!” पण एक गोष्ट खरी, ‘देवा’ म्हणून सुरुवात केल्यावर पुढची शिवी घशातच अडकते.

गुरुजींविषयी मला नीट लिहिता येईल की नाही, शंका वाटते. ते दिसायला काहीच नव्हते. काटकुळे, एक दात पडलेला, बोलताना मधेच थांबून शब्द शोधणारे. आम्ही उठायच्या आत त्यांनी नदीचं पाणी आणून दोन्ही रांजण भरलेले असत. संडासाच्या चराची माती ओढायचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं आणि ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. ध्यानाला बसून झाल्यावर ‘काय दिसलं, काय वाटलं’ असं त्यांनी कोणाला कधी विचारलं नाही. विचारायचे ते एवढंच, “पाय आखडले का?” मला हे फार आवडायचं. कारण माझे पाय आखडत होते आणि बाकी काही होत नव्हतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या तासगावच्या मुलाच्या डोळ्यांतून प्रार्थनेत धारा लागत. मी एक डोळा किलकिला करून त्याच्याकडे बघायचो आणि मला त्याचा हेवा वाटायचा.

चौथ्या दिवसापासून माधुकरी सुरू झाली. रोज दोघांनी झोळी घेऊन गावात जायचं आणि पाच घरी मागायचं. एका घरून चतकोरच घ्यायची. लढाईचे दिवस, कोणाच्या घरात किती पीठ आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. आणि घरं ओळीनं घ्यायची. आदल्या दिवशीची जोडी जिथं थांबली, त्याच्या पुढचं घर ते पहिलं. एकही दार वगळायचं नाही. “ज्याला जमणार नाही त्यानं सांगावं,” गुरुजी म्हणाले, “सक्ती नाही.”

मला जमणार नव्हतं, तरी मी सांगितलं नाही. आमच्या घरात मागणं ही मेल्याहून मेल्यासारखी गोष्ट. वडील नेहमी म्हणत, “आपला हात द्याया असतोय, पसराया न्हवं.” पाचव्या दिवशी माझी पाळी आली. जोडीला वाईचा मुलगा होता, उंच, खोडकर, सगळ्यांना हसवणारा. लहानपणी माधुकरी मागूनच शिकल्याचं त्यानं वाटेत सांगितलं. “अवघड काही नसतं,” तो म्हणाला, “फक्त दारातल्या बाईच्या पायांकडे बघायचं. तोंडाकडे बघितलं की लाज वाटते.”

आदल्या दिवशीची जोडी वेशीजवळच्या शेवटच्या घरी थांबली होती. तिथून पुढे वाट ओढ्यात उतरत होती आणि ओढ्यापलीकडे महारवाडा. आम्ही दोघे वेशीत उभे राहिलो. तो ओढ्याकडे बघत म्हणाला, “देवा, पुढचं घर तिकडे आहे.”

मी म्हणालो, “माझी आत्या वरल्या आळीला दिलीय.”

त्यानं वरल्या आळीकडे पाहिलं. मग हसून म्हणाला, “मग देवानंच सोय केली म्हणायची.”

का वळलो, हे दोघांपैकी कोणीच बोललं नाही.

आत्या शेणानं अंगण सारवत होती. मला झोळीसकट बघून तिचा हात तसाच राहिला. “आगं बया! कालेजात घातला त्यो गोसावी होऊन आला! तुज्या बापाला ठावं हाय का ह्ये?” मी शिबिराचं सांगितलं. तिला त्यातलं किती पटलं कोण जाणे. “आन भाचा दारात हुबा ऱ्हाऊन मागतोय व्हय? चल, आत हो आदी.” तिनं आम्हाला पाटावर बसवलं, पोटभर खाऊ घातलं आणि झोळीत दहा-बारा भाकरी, वर गुळाच्या करंज्या आणि चकल्या कोंबल्या. वाईचा मुलगा म्हणाला, “आत्याबाई, उद्याही आम्हालाच पाठवा म्हणून गुरुजींना निरोप द्या.” ती खूश होऊन हसली.

मठात आमची झोळी आदल्या दिवशीपेक्षा कितीतरी जड भरली. करंज्या बघून पोरांनी ओरडाच केला. गुरुजींनी एक चकली उचलून खाल्ली. त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत मला बसवेना. पाय आखडले म्हणून नव्हे. प्रार्थना संपल्यावर गुरुजी घाटाच्या पायरीवर धोतर पिळत होते, तिथं गेलो आणि सगळं सांगितलं. आत्या, ओढा, वळलेली वाट. बोलताना थांबता येईना म्हणून तेही सांगितलं, की मला प्रार्थना येत नाही, आई भावासाठी सांगायला सांगते आणि माझ्या तोंडून निघत नाही.

ते बराच वेळ धोतर झटकत राहिले. मग म्हणाले, “चकली छान होती. पण आत्यानं दिलं ते भाच्याला दिलं. मागणाऱ्याला नाही.” त्यांनी धोतर पायरीवर पसरलं. “प्रार्थना मलाही कधी कधी महिना महिना येत नाही. मी नुसता बसतो. तुला काय सांगू, मला दुसरं काही येतच नाही. उद्या पुन्हा तुम्ही दोघं जा. ओळ सोडली तिथून.”

त्यांनी रागावायला हवं होतं, असं मला त्या वेळी वाटलं. सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडला. वाईचा मुलगा आज गप्प होता. पहिल्याच घरासमोर थांबलो. खुराड्याजवळ एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती आणि तिची सून चुलीपुढे होती. मी हाक घातली. ती कोणाला ऐकू गेली नाही, म्हणून पुन्हा घातली.

सून बाहेर आली. आमच्या कपड्यांकडे, झोळीकडे बघत म्हणाली, “कोन पायजे तुमास्नी? पाटील तिकडं वर ऱ्हात्यात.”

“आम्ही मठातले,” वाईचा मुलगा म्हणाला. “माधुकरी मागायला आलोय. चतकोर भाकरी पुरे.”

ती एकदम दोन पावलं मागं सरली. “आमच्यातली? आवं, आमीच तुमच्या दारात येतो की भाकरी मागाया. कुनी बघितलं तर गाव आमास्नी काय म्हनंल?” आणि ती आत निघून गेली.

मी झोळी धरून उभा होतो. आमच्या घरी संध्याकाळी अशीच बाई यायची. परड्याच्या दाराशी उभी राहायची, आणि आईला वेळ नसला की मीच भाकरी घेऊन जायचो. तिच्या पदरात हातभर वरून टाकायचो, हात लागू नये म्हणून. कधी नेम चुकून भाकरी मातीत पडायची. ती उचलून झटकायची. मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. आज ते आठवलं आणि मला वाटलं, ही बाई आता बाहेर येणार नाही. न आली तर ते बरोबरच होईल. मला भाकरी नको होती; पण हिनं ‘नाही’ म्हणू नये, एवढंच हवं होतं. आणि माझ्या मनात शब्द आले: येऊ दे, तिला येऊ दे, एवढं कर. ते कोणाला म्हणतो आहे, हा प्रश्न मला त्या वेळी पडलाच नाही. तो नंतर, परत येताना पडला.

म्हातारी शेंगा टाकून ओरडली, “आगं ए, दारात आल्याला वाट बघाया लावतीस व्हय? घाल की भाकरी! उद्याचं उद्या बघू. गावाला म्या जाब देती.”

सून आली. हातात चतकोर भाकरी, वर लाल चटणी. तिनं ती हातभर वरून झोळीत सोडली. अगदी मी सोडायचो तशी. माझी मान खाली गेली. म्हातारी खो खो हसली. “ठेव की नीट! हात काय जळतोय तुजा?” मग मीच झोळी उंच धरली. सुनेनं पुन्हा आत जाऊन एक तुकडा आणला आणि या वेळी झोळीत हात घालून ठेवला. “ह्यो दुसऱ्याचा,” वाईच्या मुलाकडे बघून ती म्हणाली. तो तिच्या पायांकडे बघत नव्हता. सरळ तोंडाकडे बघत होता.

उरलेल्या चार घरांत एका ठिकाणी दार लागलं, एका ठिकाणी कुत्रं अंगावर आलं, दोन ठिकाणी मिळालं. झोळी हलकी होती. मठात चतकोराचे बारीक तुकडे करून सगळ्यांना वाटले. दोघा-तिघांनी कुठून आणलं ते विचारलं. आम्ही सांगितलं. एकानं तुकडा खाली ठेवला. गुरुजींनी तो उचलून स्वतःच्या तोंडात टाकला, चटणी तिखट लागून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी तांब्या मागितला.

सातव्या दिवशी सकाळी मी गुरुजींकडे जाऊन म्हणालो, “आजही मी जातो.” मला ते दार पुन्हा हवं होतं, ते शब्द पुन्हा यायला हवे होते.

“नको,” ते म्हणाले. “आज दुसऱ्यांची पाळी. तू भांडी घास.”

मी हिरमुसलो. राख आणि काथ्या घेऊन घाटावर गेलो. पहिलं पातेलं घासता घासता माझ्या ध्यानात आलं, की मी बोलतो आहे. भाऊ कुठं आहे ते मला ठाऊक नाही, तुला असेल. बुटानं त्याच्या पायाला फोड आलेत असं मागच्या पत्रात होतं. आई जेवत नाही. असंच एकेक. कोणी ऐकतं आहे का, याची खात्री मला तेव्हाही नव्हती आणि आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण समोर कोणी नाही, असं मात्र वाटलं नाही.

“पुरे की ते एक पातेलं, भोक पडेल!” वाईचा मुलगा वरून ओरडला.

मी ते विसळून पालथं घातलं. अजून चार भांडी होती. माझं सांगणं संपेपर्यंत ती पुरतील असं मला वाटलं नाही.