साहेबांच्या हातचा घास

पहाटेपासून बोचरं वारं सुटलं होतं. दक्षिण कोरियातल्या हेनामच्या शिवारातून उठून ते थेट ब्योन साहेबांच्या अंगणात घुसत होतं. मिठाच्या पाण्यातले कोबी पिळून मालसुनच्या बोटांची लाकडं झाली होती. किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस. गावात जो तो आपल्या घरची घालत होता. साहेबांच्या मासळीखाद्याच्या कारखान्यातली मालसुनसारखी माणसं सुट्टीचा दिवस मोडून त्यांची घालत होती. बोलावणं कुणाला नव्हतं. न येण्याची छाती कुणाची नव्हती, एवढंच.

"की-ह्वान, इकडं ये रे गाढवा!" साहेब पायरीवरून ओरडले. "काम जमत नाही, तोंड तरी उघडता येतं का बघू."

ताज्या किमचीचा पहिला घास मायेच्या माणसाला हातानं भरवायचा, ही रीत. थोरानं भरवलेला नाकारायचा नसतो. साहेबांनी तिखटानं लडबडलेलं अख्खं पान चुरगाळून की-ह्वानच्या तोंडात कोंबलं, वर अंगठ्यानं ढोसलं. त्याचे डोळे फिरले, नाकातून लाल पाणी आलं. साहेबांनी बोटं त्याच्याच स्वेटरला पुसली.

"बायको उगाच नाही पळाली! घास गिळता येईना ह्याला."

सगळे हसले, टाळ्या पडल्या. मालसुनच्या हातांनीही सवयीनं टाळी वाजवली. मग तिला त्या हातांचीच किळस आली.

की-ह्वान मागच्या नळावर ओकत होता. तिला पाहून त्यानं पायातले नवे रबरी बूट काढले.

"ताई, तुमच्या यजमानांना होतील. मला आता लागायचे नाहीत."

 मालसुननं सरळच विचारलं, "जीव द्यायचं डोक्यात आहे का रे?"

त्यानं बूट तिच्याकडे सरकवले. "काल धरणावर जाऊन आलो. साहेब रोज म्हणतात, तू मेलास तर कारखाना सुटेल. आता मलाही तसंच वाटतं."

"मला नाही वाटत. बूट घाल. तुझ्या गाडीची किल्ली दे इकडं."

तिथूनच तिनं मोक्पो शहरातल्या त्याच्या बहिणीला फोन लावला, काही न लपवता सांगितलं. बहीण म्हणाली, निघालेच. मग त्याचा दंड धरून मालसुन अंगणातून चालू लागली.

"ए! कोबीत तिखट कोण भरणार? तुझा बाप?"

"तुम्ही भरा, साहेब. कोंबायचा सराव आहे तुम्हाला."

कुणी हसलं नाही. कुणी उठलंही नाही.

आपल्या घरी तिनं त्याला स्वयंपाकघरात नजरेसमोर बसवलं, चूळ भरायला कोमट पाणी दिलं. बहीण यायला अवकाश होता. मालसुननं साबणानं हात घासले, पुन्हा घासले, आणि तांदूळ धुवायला घेतले.