खिंडीवरचे आचके

इमेदाचं नाक आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. लांब होतं म्हणून नाही, सदा मुरडलेलं असे म्हणून. कुणाच्या घरी पाणी दिलं तर तो पेला आधी उजेडात धरायचा, मग हुंगायचा आणि खाली ठेवून म्हणायचा, "तहान नव्हतीच मला." मेंढपाळाच्या घरात जन्मला, कातडी पिशवीत मुरलेल्या चीजवर वाढला, तरी असा. त्याची आई म्हणायची, हा पोटात असताना मी नक्की काहीतरी शिळं खाल्लं असणार.

पण त्याच नाकाच्या भरवशावर लोक त्याच्या जीपमध्ये निर्धास्त बसत. हिवाळाभर आम्ही खाली अलवानीच्या सपाटीवर राहतो आणि बर्फ वितळला की अबानोची खिंड ओलांडून आमच्या डोंगरात जातो. खिंडीचा रस्ता म्हणजे एका बाजूला ओला खडक आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. त्या काहीच नसलेल्या बाजूला गेलेल्यांचे दगड वळणावळणावर उभे आहेत. इमेदाची जुनी डिझेल जीप मात्र त्या रस्त्यावर म्हाताऱ्या खेचरासारखी चालायची, डोकं खाली घालून, एकेक पाऊल जपून. ब्रेक तापल्याचा वास त्याला धूर दिसायच्या आधी यायचा. मग तो जीप उभी करायचा, फुलं बघत बसायचा, आणि ब्रेक निवले की पुढे निघायचा.

त्या वर्षी देवाच्या सणाचं यजमानपद त्याच्या घरी आलं. ते घराघरांतून फिरत येतं. त्याच्या बापाची पाळी आली तेव्हा बाप अंथरुणावर होता आणि सणाआधीच गेला. त्यामुळे हे यजमानपद इमेदा बापाचं आणि स्वतःचं मिळून करणार होता. यजमानानं जव वर न्यायचे, देवस्थानाच्या तांब्याच्या हंड्यात त्यांची बिअर करायची, गावाला पाजायची, आणि तोवर स्वतःला शुद्ध ठेवायचं. डुक्कर तर आमच्या डोंगरावर कधीच चालत नाही. कुणी नेलं तर दरड कोसळते, गारा मेंढरं मारतात. खाली सपाटीवर ज्याचा तो बघतो. पण इमेदानं ईस्टरपासून खालीही डुकराचा तुकडा तोंडात घातला नव्हता. डुकराच्या मांसाचा धूर असेल त्या गल्लीतून तो जातसुद्धा नव्हता.

आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात जीप बिघडली.

बिघडली म्हणजे कशी? सपाटीवर लोण्यासारखी चालायची. जंगल संपेपर्यंतही ठीक. पण झाडं मागे पडली, गार वारा सुरू झाला, की इंजिन आचके द्यायला लागायचं. पाय एका जागी ठेवलेला असतानाही रेस खाली यायची, इंजिन मरतंय असं वाटायचं, मग एकदम उसळी मारून ओरडायचं, पुन्हा खाली. रडून दमलेल्या पोराच्या हुंदक्यांसारखं. कड्याच्या काठावर असली जीप म्हणजे जिवाशी खेळ. आत बसलेल्या बायका छातीवर क्रूस काढायच्या, मागची पोरं ओकायची.

वाझा मिस्त्रीनं फिल्टर बदलला. मग नोझल काढून साफ केले. मग पंप उतरवला, पुन्हा बसवला. प्रत्येक वेळी त्याच्या अंगणात जीप मांजरीसारखी गुरगुरायची.

"बघ," वाझा म्हणायचा, "कुठं आहे आचका? दाखव मला."

"वर देते."

"मग वर हवा विरळ असते. तुलाही दम लागतो, तिलाही लागतो."

"इतकी वर्षं नाही लागला तो?"

"म्हातारी झाली. तूही झालास." वाझानं हात पुसत विचारलं, "डिझेल कुणाचं घालतोस?"

"बादरीचं. भाचा आहे माझा. घरचंच."

"हां. घरचं म्हटल्यावर काय," वाझा म्हणाला आणि उगाच टायर बघायला लागला.

गावानं मात्र निदान केव्हाच केलं होतं. जीपमधून कुणीतरी डुक्कर नेतंय. दुसरं काय असणार? इमेदालाही ते पटलं. तो निघताना प्रत्येकाचं गाठोडं हुंगायला लागला. एका शहरी पाहुण्याच्या पिशवीत सॉसेज सापडलं, ते त्यानं दरीत भिरकावलं आणि पाहुण्याला हात धुवायला लावले. त्या फेरीलाही जीपनं आचके दिलेच. मग लोक कुजबुजायला लागले, सामान सगळं हुंगून झालं, आता राहिला तो इमेदाच. ज्याची गाडी देव वर येऊ देत नाही, त्यानं यजमान व्हावं का?

ते इमेदाच्या कानावर आलं. त्यानं जवाची पोती जीपमध्ये घातली आणि एकटाच पहाटे निघाला.

खिंडीच्या ऐन माथ्यावर जीप आचके देत देत बंद पडली. रस्त्याच्या कडेला मागच्या हिवाळ्याचा मळका बर्फ होता, धुकं अंगावर येत होतं. इमेदानं बॉनेट उघडलं. त्याला वाटलं, लाइनमध्ये एअर शिरली असेल. एअर काढायची आमच्याकडची रीत साधी आहे. टाकीकडून येणारी नळी सोडवायची, तोंडात धरायची आणि डिझेल येईपर्यंत ओढायचं. ड्रायव्हर झालो म्हणजे डिझेलचा घोट आलाच. तो भाजतो, थुंकून टाकायचा.

त्यानं ओढलं. काही येईना. जोरानं ओढलं. आणि डिझेलच्या आधी जिभेवर आला एक मऊ, गिळगिळीत गोळा.

तो भाजला नाही. तो वितळला.

तोंडाच्या उबेनं वितळून जिभेभर पसरला, दातांना चिकटला, आणि थुंकायच्या आत त्यातला थोडा घशाखाली गेला. इमेदानं तरुणपणी फौजेत, उत्तरेकडच्या थंडीत, पावावर तेच खाल्लं होतं. जीभ विसरत नाही. डुकराची चरबी होती ती. जुनी, जळकी, कांद्याच्या वासाची.

तो गुडघ्यावर बसून ओकला. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिला. मळक्या बर्फानं जीभ खरवडली, बाहीनं दात घासले. मग फिल्टर उघडला. आत पांढरट, दह्यासारखी साय. बोटावर घेतली की विरघळायची, वाऱ्यावर धरली की पुन्हा गोठायची. आता त्याला सगळं कळलं. सपाटीच्या उन्हात ती पातळ होऊन डिझेलबरोबर मुकाट जळायची. वरच्या गारठ्यात गोठून फिल्टरमध्ये बसायची, इंजिनाचा गळा दाबायची. मागून डिझेल झिरपलं की इंजिन उसळी घ्यायचं, पुन्हा गळा. कुठल्याच गाठोड्यात डुक्कर नव्हतं. टाकीत होतं. देवाचे जव त्याच्यावरच बसून आले होते.

तो डोंगराच्या बाजूला एक पाऊलही उतरला नाही. ऊन वर आलं, तशी जीप सुरू झाली, आणि तो माघारी वळला. उतारावर, वाढत्या उबेत, ती इतकी सुरेख चालली की त्याला तिचीही शिसारी आली.

बादरीच्या अंगणात पिंपं होती आणि पिंपांवर माश्या. रस्त्यालगतच्या खाणावळींत डुकराचं मांस भाजताना गळणारी चरबी तो गोळा करून आणायचा. ती मोठ्या काहिलीत उकळत होती. वर काळा फेस, फेसात केस. बादरी ती फडक्यातून गाळत होता.

"मामा! बसा ना."

"हे तू डिझेलमध्ये घालतोस?"

"थोडंसं. जळतं मस्त."

"डोंगरावर जातं ते!"

"मामा, इंजिनाला कुठला देव?" बादरी हसला. "आणि तुम्ही एकटेच का ओरडताय? सगळ्याच गाड्यांत आहे. आपले पुजारी लुखुमआजोबा ज्या गाडीतून देवस्थानाला जातात, ती त्यांच्या जावयाची गाडी कशावर चालते, विचारा."

"त्यांच्या गाड्या आचके देत नाहीत."

"ते रॉकेल घालून पातळ करतात. वाझालाही माहितीये."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही पाण्याच्या पेल्याला नाक मुरडता."

इमेदाला त्याच्या थोबाडीत द्यायची होती. पण बादरीचे हात, गाल, गळा, सगळं चरबीनं चकाकत होतं. हात लावायला जागा नव्हती.

त्यानं नवे जव घेतले, घोड्यावर लादले आणि पायवाटेनं, लगाम धरून, स्वतः चालत वर नेले. वाटेत प्रत्येक झऱ्यावर चूळ भरली. वर पोहोचल्यावर तडक पुजाऱ्याकडे, लुखुमकडे गेला आणि सगळं सांगितलं.

लुखुमनं दाढीवरून हात फिरवला. "थुंकलास ना?"

"थोडं गेलं घशात."

"कुणी पाहिलं?"

"मी."

"म्हणजे कुणी नाही. गप्प बस आणि बिअर कर."

"तुमच्या जावयाच्या गाडीतही तेच आहे, आजोबा. तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी गाडीत बसतो. गाडी पीत नाही." लुखुमचा आवाज खाली आला. "तू तोंड उघडलंस तर मागचे सगळे सण बाटतील. मेलेल्यांच्या नावानं ओतलेली बिअरसुद्धा. तुला बापासाठी करायचंय ना? मग कर. एक घोट गिळलास, आता ही गोष्टही गिळ."

मला वाटतं, चरबीपेक्षा हेच त्याच्या घशात अडकलं. बापाच्या नावाची बिअर असल्या गप्पपणात आंबवायची? संध्याकाळी पुरुष चौकात जमले तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं. टाकी, साय, गोळा, पिंपं, रॉकेल.

कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. काही जण जमिनीकडे बघायला लागले. मग लुखुमचा जावई गोचा म्हणाला, "आमच्या गाड्यांचं देव बघून घेईल. पण तोंडात कुणाच्या गेलं? आमच्या तर नाही."

"बरोबर!" दोघंतिघं एकदम म्हणाले. बुडणाऱ्याला काडी मिळावी तसे.

"स्वतःच्या तोंडानं सांगतोय, मी बाटलोय म्हणून," गोचा म्हणाला. "मग बाटलेल्याला यजमान कसं करायचं?"

यजमानपद पुढच्या घरी गेलं. पुढचं घर गोचाचंच होतं. जव मात्र त्यांनी ठेवून घेतले. घोड्यावरून आलेत, चालत आलेत, म्हणाले, असे शुद्ध जव बऱ्याच वर्षांत मिळाले नाहीत.

सणाच्या दिवशी मी वरच होतो, हातात बिअरचा पेला घेऊन. बिअर चांगली झाली होती, हे मला खोटं सांगता येत नाही. देवस्थानाच्या भिंतीपलीकडे, उतारावर, बायका बसतात. त्यांना वर यायची परवानगी नाही. अशुद्ध असतात म्हणून. इमेदाला कुठं बसावं कळेना. शेवटी तो खाली उतरला आणि त्याची बायको एतेर बसली होती तिथं जाऊन उभा राहिला.

एतेरनं वर पाहिलं. "ये. एका घोटात आलास की खाली. मी तर लग्न होऊन आले तेव्हापासून इथंच आहे, आणि ईस्टर असो नसो, डुक्कर मी कधी तोंडात घेतलं नाही."

बायका हसल्या. इमेदा बसला. वर भिंतीच्या आत बादरी उभा होता, देवाच्या नावानं पेला उंचावत. त्याचे गाल अजून चकाकत होते.

"तुम्ही इतकी वर्षं हे बघत बसलात?" इमेदानं विचारलं.

"बघतो कशाला?" एतेरनं चीज भरलेली भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली. "आम्ही तिकडे पाठ करून बसतो."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की खरंच सगळ्या बायका दरीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यानं भाकरी हुंगली नाही. उठला, वळला, देवस्थानाकडे पाठ करून पुन्हा बसला, आणि खाऊ लागला.