निम्मं मानधन

हे गेल्यावर घरातल्या बहुतेक वस्तू मी हळूहळू आवरल्या. टेबलावरच्या तीन पुस्तकांना मात्र हात लावायचा धीर होईना. तिन्ही पुस्तकांतून कागदाच्या पट्ट्या डोकावत होत्या. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजू कापून हे त्या पट्ट्या करत. एका पट्टीवर पेन्सिलीनं एक प्रश्न लिहायचा आणि ज्या पानावर तो सुचला तिथेच ती खोचायची, ही ह्यांची पद्धत.

सरकारी वाहिनीवर दर आठवड्याला मुलाखतीचा एक कार्यक्रम लागतो. त्याच्या निवेदकांचा चेहरा घराघरांत ओळखीचा आहे. प्रश्न ह्यांचे असत. हे कॉलेजात मराठी शिकवायचे, मी तिथल्याच ग्रंथालयात होते. निवृत्त झाल्यावरही पाहुण्यांची पुस्तकं कुठून कुठून मिळवायचं काम माझ्याकडेच राहिलं. हे ती वाचून काढत आणि बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारत प्रश्न मोठ्यानं म्हणून बघत. काही प्रश्नांपुढे दोन टिंबं असत. म्हणजे इथे थांबायचं, समोरच्याला बोलू द्यायचं.

त्या थांबण्याचं लोकांना फार कौतुक. एकदा मंडईत एक बाई दुसरीला सांगत होती, "बाकीचे नुसते तोंडावर प्रश्न फेकतात. हा थांबतो हो! समोरच्याला मान देतो." हे पिशवी धरून शेजारीच उभे होते. मी कोपरानं ढोसलं.

"गवार कोवळी आहे, घे," एवढंच म्हणाले.

प्रत्येक भागामागे ह्यांना थोडं मानधन मिळे. मग एका संध्याकाळी निवेदक घरी आले. बसनं आलो, स्टॉपवरून चालतच, म्हणाले. मी पाणी दिलं, पोहे टाकले.

"सर, केंद्राकडे पैसेच उरले नाहीत," ते सांगत होते. "माझंसुद्धा निम्मं केलंय. मी म्हटलं, असू दे, आपण काय पैशांसाठी करतो का? पण कार्यक्रम बहुतेक बंद होणार."

ह्यांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "लोकांच्या पैशावर चालणारी वाहिनी आहे, तिथे ओरबाडायचं नसतं. माझं नाव काढून टाका लेखनातून, मानधनही नको, तेवढंच ओझं कमी होईल. प्रश्न मी देत राहीन."

निवेदकांचे डोळे भरून आले. ते ह्यांच्या पाया पडले. मला त्या दोघांचाही अभिमान वाटला होता. आमच्यासारख्यांच्या घरात दुसऱ्याला त्याचा पगार विचारणं असभ्य समजतात, आणि कमी पैशांत चांगलं काम करणं हा जवळजवळ संस्कारच. त्यामुळे निम्मं म्हणजे कशाचं निम्मं, हे आम्ही विचारलं नाही. त्याच सुमारास एका प्रकाशकानं भाषांतराचं मोठं काम देऊ केलं होतं. कार्यक्रमाला वेळ पुरणार नाही म्हणून ह्यांनी ते नाकारलं. पडद्यावरून ह्यांचं नाव गेलं. प्रश्न शेवटपर्यंत जात राहिले.

ह्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा समोरच्या ब्लॉकमधले काका पेपर घेऊन आले. सरकारी वाहिनीवरच्या निवेदकांना काय मोबदला मिळतो, हे कुणीतरी माहितीच्या अधिकारात मागवलं होतं. यादीत आमच्या निवेदकांचं नाव वरून दुसरं होतं. आकडा मी दोनदा वाचला. ह्यांना आयुष्यात पगार म्हणून तसा आकडा कधी दिसला नव्हता.

"भलतेच गरीब निघाले हो तुमचे निवेदक," काका म्हणाले. "तरी मी म्हणायचो, हा गृहस्थ गाडी कोपऱ्यावर उभी करून इकडे चालत का येतो. मला वाटायचं, डॉक्टरांनी सांगितलं असेल."

"तुम्ही बोलला नाहीत कधी."

"तुमच्या यजमानांना सांगितलं होतं. 'बघायची चूक झाली असेल तुमची,' म्हणाले."

त्यानंतर आठवड्याभरात निवेदक आले. येताना फळं आणली होती. ह्यांच्या फोटोसमोर डोळे मिटून उभे राहिले. मग त्यांची नजर टेबलाकडे गेली.

"वहिनी, पुढची मुलाखत मांजरीच्या ऊस संशोधन केंद्रातल्या बाईंची. सरांनी तयारी पूर्ण केली होती ना?"

उसाच्या नव्या जाती शोधण्यात आयुष्य घालवलेल्या त्या वृद्ध संशोधक. तिन्ही पुस्तकं त्यांचीच होती. त्यांच्यासाठी हे दुखऱ्या पायानं दोन बस बदलून मांजरीला जाऊन आले होते, चपला चिखलानं भरवून.

मी म्हटलं, "तुमचं निम्मं केलं होतं ना हो?"

त्यांना लगेच कळलं. "पेपर वाचलात तुम्ही. अहो वहिनी, खासगी वाहिनीवाले ह्याच्या कितीतरी पट देत होते. मी थांबलो म्हणून कार्यक्रम टिकला. आणि मी खोटं नाही बोललो. तेव्हा खरंच निम्मं केलं होतं."

म्हणजे पेपरातला आकडा निम्म्याचा होता.

"ह्यांना सांगायचंत एवढं."

"सरांनी कधी विचारलंच नाही."

हे खरं होतं, आणि तेच मला सोसेना. मी टेबलाशी गेले आणि एकेका पुस्तकातून पट्ट्या काढू लागले. ते बघत राहिले.

"पुस्तकं न्या," मी म्हटलं. "ह्या इथेच राहतील."

"सरांना हे आवडलं नसतं, वहिनी."

मलाही तसंच वाटत होतं. ह्यांनी पट्ट्या दिल्या असत्या, वर पोहेही करायला सांगितले असते. मी दार उघडून उभी राहिले.

मुलाखत लागली तेव्हा काका आले होते. मांजरीच्या बाई सुती साडीत, ताठ बसल्या होत्या. निवेदकांनी विचारलं, "एवढं मोठं काम केलंत, आज मागे वळून बघताना कसं वाटतं?"

"बरं वाटतं," बाई म्हणाल्या.

निवेदक थांबले, सवयीनं. प्रश्नातच काही नव्हतं. बाई पाण्याच्या ग्लासाकडे बघू लागल्या.

"फ्यूज उडाला वाटतं," काका पुटपुटले.

मी मांडीवरची पट्टी वाचली. ह्यांनी लिहिलं होतं, "तुम्ही तयार केलेल्या उसाला तुमचं नाव नाही, नंबर आहे. शेतात तो उभा दिसला तर मालकाला सांगता का, की हा माझा?" पुढे दोन टिंबं होती.

बाईंना हा प्रश्न कुणी विचारला नाही, तो माझ्यामुळे. ह्यांनाही कुणी विचारला नाही. बाई अजून ग्लासाकडेच बघत होत्या. काकांनी रिमोट माझ्यापुढे केला. मी टीव्ही बंद केला.