मालोजीराव आणि खिळ्यांची पट्टी

डोकं सुन्न होणं म्हणजे काय, ते मला गेल्या डिसेंबरात शाळेच्या प्रदर्शनात कळलं. आठवीच्या पोरांनी टेक्नॉलॉजीच्या तासाला केलेले प्रकल्प हॉलमध्ये मांडले होते. बारा टेबलं, बारा गट. सातव्या टेबलाशी माझीच मुलगी अवनी, तिची मैत्रीण यशस्विनी आणि भुवन अशी तिघं उभी होती. मागच्या तक्त्यावर इंग्रजीत आणि कन्नडमध्ये भल्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमच्या वर्कशॉपच्या मालोजी सरांना दिसत नाही.’ हा विषय शिकवते कोण? मी. त्या वर्कशॉपात रोज असते कोण? मी. आणि मला यातलं काडीइतकं ठाऊक नव्हतं.

तक्त्यासमोर खुद्द मालोजीराव उभे होते. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, शेजारी रेशमी साडीतल्या त्यांच्या पत्नी वनजाबाई. आणि ते हसत होते हो! पोरांनी आपल्याबद्दल काहीतरी छान लिहिलंय, अशा समजुतीत कौतुकानं त्या अक्षरांकडे बघत होते.

थांबा, हा माणूस कोण ते आधी सांगते. मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे म्हैसुरात आले आणि नऊ वर्षांपूर्वी बोगादीच्या या शाळेत लागले. पहिल्याच दिवशी वर्कशॉपच्या दारात एक उंचापुरा माणूस म्हणाला, “या मॅडम, आमी पण मराठेच.” परक्या गावात मराठी ऐकून मला भरून आलं. पुढचं वाक्य निम्मं कन्नडमध्ये गेलं, ते सोडा. त्यांचे खापरपणजोबा म्हणे म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. तेव्हापासून घरात मराठी टिकून आहे, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की पहिले सहा महिने मी नुसती मान हलवायची. ‘सुम्मने’ म्हणजे उगाच, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. “सुम्मने बसायचं नाही रे,” असं ते पोरांना दिवसातून दहा वेळा सुनवायचे.

बेळगोळच्या एका कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं फिटरचं काम केलं. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरीच्या कुणी रिक्षा घेतली, कुणी येलवालकडे शेती धरली. हे शाळेत आले. कागदोपत्री ‘मदतनीस’. मदतनीस कसले डोंबलाचे! अख्खं वर्कशॉप त्यांच्या जिवावर चालायचं. भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या जागी त्याची आकृती काळ्या रंगात काढून ठेवलेली. पक्कड भलत्या खिळ्याला गेली की पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार. फळी हातात घ्यायचे, कडेवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, “दोन मिलीमीटर जास्त आहे, घास.” पट्टी लावून बघावं तर खरोखर दोन मिलीमीटर जास्त. याला म्हणतात कारागीर, असं मी सगळ्यांना सांगत सुटायचे.

आता प्रकल्पाची रीत. एक खराखुरा माणूस निवडायचा, त्याची अडचण शोधायची आणि त्याच्यासाठी वस्तू करायची. ‘तुम्हाला काय हवं’ असं विचारायचं नाही, कारण माणसं खरं सांगत नाहीत. आधी नुसतं बघायचं आणि जे दिसेल ते तारीख घालून लिहायचं. नियम माझाच, आणि तो मी फार तोऱ्यात शिकवते. अवनीच्या गटानं माझ्या यादीत ‘सुतारकामाची पट्टी’ एवढंच लिहिलं होतं. पोटच्या पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी त्यांच्या वहीत डोकावलेसुद्धा नव्हते.

त्या नोंदी आता तक्त्यावर होत्या. ‘बारा सप्टेंबर. स्क्रू पडला. सरांनी पायानं चाचपून शोधला.’ ‘अठरा सप्टेंबर. सर भुवनला आमच्या वर्गातली अन्विता समजले. तो बोलल्यावर चूक सुधारली.’ आणि खाली एक मोठी नोंद, आयुधपूजेची. दसऱ्याच्या सुट्टीआधी आमच्या शाळेत हत्यारांची पूजा होते. हत्यारं पुसून भिंतीवर लावायची, प्रत्येकाला कुंकू आणि फूल, आणि मग सुट्टी संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. कुंकू लावायचा मान मालोजीरावांचा. पोरांनी लिहिलं होतं, ‘करवत चुकून आमच्या टेबलाखाली राहिली होती. भिंतीवर नुसती रंगवलेली करवत होती. सरांनी तिला कुंकू लावलं, फूल खोचायला गेले, ते खाली पडलं. मग नमस्कार केला.’

अगं बाई! त्या पूजेचा व्हिडिओ मीच काढला होता. तिथल्या तिथे मोबाइल उघडून पाहिला. घंटा वाजतेय, सगळे हात जोडून उभे आहेत, आणि हा माणूस रिकाम्या भिंतीला कुंकू लावतोय. हे मी माझ्या हातानं शाळेच्या ग्रुपवर टाकलं होतं, ‘आमची परंपरा’ असं लिहून. दीडशे जणांनी हात जोडले होते. एकालाही काही दिसलं नाही, आणि मला तर त्याहून नाही.

तोवर वनजाबाईंचं वाचून झालं होतं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. त्या नवऱ्याकडे वळल्या. “अय्यो, काय हे? खरं काय हे?”

“काय लिहिलंय गं?” मालोजीराव अजून हसतच होते.

वनजाबाईंनी हळू आवाजात वाचून दाखवलं. मालोजीरावांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. बायकोलाही त्यांनी सांगितलेलं नव्हतं. यशस्विनी घाबरली आणि तिनं घाईघाईनं ती पट्टी त्यांच्या हातात दिली. सागवानी पट्टी, दर सेंटीमीटरला पितळी खिळ्याचं बारीक डोकं वर आलेलं, दर पाचाला दोन डोकी. त्यांचं बोट आपसूक तिच्यावरून फिरलं. समोर ठेवलेली फळी त्यांनी मापली. “सतरा,” म्हणाले. बरोबर सतरा. भोवतीच्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. मालोजीरावांनी पट्टी खाली ठेवली आणि वनजाबाईंच्या खांद्यावर हात टाकून ते हॉलबाहेर गेले.

अर्ध्या तासात मुख्याध्यापिका वरलक्ष्मी मॅडमनी मला आणि मालोजीरावांना बोलावलं. बाई वाईट नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, “करवती, ड्रिल, दर तासाला तीस मुलं, आणि सांभाळणाऱ्याला दिसत नाही. उद्यापासून मी यांना तिथे कशी ठेवू?”

माझा पारा चढला. तसा तो लवकरच चढतो. म्हटलं, “नऊ वर्षांत एका पोराला खरचटलं तरी का? डोळस माणसं ठेवलीत ना प्रयोगशाळेत, तिथे महिन्याला काचा फुटतात! यांची बोटं तुमच्या-माझ्या डोळ्यांपेक्षा तेज आहेत. यांना काढणार असाल तर आधी माझा राजीनामा घ्या!” आवाज बाहेर पार कॉरिडॉरपर्यंत गेला असणार. गेला तर गेला.

“बेडा मॅडम,” मालोजीराव म्हणाले. “नको. माझ्यासाठी भांडू नका.”

“तुम्ही गप्प बसा हो!”

“ड्रिलचा बेल्ट गेलाय म्हणून तुमाला बोललो ना मी? बेल्ट चांगला आहे.” ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते. “ऑगस्टात मी मशीन चालू केलं. खाली एक हात होता. मला नाही दिसला. पोरीनं स्वतःच ओढून घेतला आणि हसली, तेव्हा कळलं. एवढंसं अंतर राहिलं होतं, मॅडम. त्या दिवसापासून मी त्या मशीनला हात लावला नाही.”

त्या बेल्टसाठी मी ऑफिसला दोन अर्ज दिले होते. दोनदा भांडलेही होते.

“कुणाचा हात?” मी विचारलं.

“अवनीचा.”

मी खुर्चीत बसले. माझ्या पोरीचा हात! आणि मी इकडे राजीनाम्याची भाषा करतेय. ते पुढे बोलत होते, मला तुकड्या-तुकड्यांनी ऐकू येत होतं. डॉक्टरनं गेल्या वर्षीच सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपा. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगू. रोज वर्कशॉपचं दार उघडलं, लाकडाचा वास आला की वाटायचं, उद्या सांगू. “घरी बसून मी काय करू, मॅडम? मला दुसरं काही येत नाही.”

मग त्यांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडला आणि मी बसले होते त्या दिशेला धरला. त्यांना रागानं दोन शब्द बोलावेत असंही वाटलं, आणि पाया पडावं असंही वाटलं. पाच मिनिटांपूर्वी याच माणसासाठी मी घसा फोडला होता. आता मी हात पुढे केला आणि चाव्या घेतल्या.

घरी आल्यावर मी अवनीचे दोन्ही हात ओढून घेतले आणि एकेक बोट बघितलं. धडधाकट होती सगळी. मग मात्र ओरडले, “ऑगस्टात झालं, आणि मला आज कळतंय? आईला सांगता येत नाही तुला?”

“सांगितलं असतं तर तू त्यांना काढायला लावलं असतंस,” ती म्हणाली. “म्हणून आम्ही आधी पट्टी केली. पुढच्या टर्मला ड्रिलला गार्ड करणार आहोत, हात आत गेला तर मशीन चालूच होणार नाही असं. भुवननं चित्र काढून ठेवलंय. मग त्यांना ठेवतील ना, आई?”

चाव्या माझ्या पर्समध्ये होत्या.